फळबाग लागवडीचे अनुदान: तिन्ही हप्ते हाती पडण्यासाठी

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८-१९ पासून राज्यात चालू आहे. अनुदान एकरकमी मिळत नाही. तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे ते जमा होते. म्हणजे निम्मे पैसे लागवडीचे आणि निम्मे झाडे जगवण्याचे. बहुतेकांचे सगळे लक्ष अर्जाकडे असते आणि उन्हाळ्यात कलमे वाळली की पुढचा हप्ता अडकतो. म्हणून आधी एप्रिल-मेमधल्या पाण्याचा हिशेब करा. विहीर मार्चमध्येच तळ गाठत असेल, तर तेवढ्या पाण्यावर जगेल इतकेच क्षेत्र धरा.

क्षेत्राची मर्यादा कोकणात ०.१० ते १० हेक्टर आणि उर्वरित महाराष्ट्रात ०.२० ते ६ हेक्टर आहे. आंबा, काजू, पेरू, डाळिंब, संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, सीताफळ, चिकू, नारळ, अंजीर, कोकम अशी बहुवार्षिक फळपिके यात येतात. मर्यादेत राहून एकाहून अधिक पिकेही घेता येतात. लाभ वैयक्तिक शेतकऱ्यालाच मिळतो, संस्थेला नाही. जॉबकार्ड असेल आणि रोजगार हमीच्या फळबाग लागवडीत बसत असाल, तर आधी तिकडे जावे लागते.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. त्यासाठी आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो, म्हणजे अ‍ॅग्रिस्टॅकची (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदवहीची) नोंदणी आधी झालेली हवी. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा आणि नीट वाचा. सामाईक खाते असेल तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते आणि सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल तर कुळाचेही. चुलते-पुतणे शहरात राहत असतील तर या सह्यांनाच सर्वांत जास्त वेळ जातो. निवडीचा संदेश येण्याची वाट न पाहता त्या घेऊन ठेवाव्यात. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे बँकेत जाऊनच विचारा. पासबुकावर आधार क्रमांक छापलेला असला म्हणजे अनुदान त्याच खात्यात येईल, असे नाही.

अर्जात क्षेत्र आणि लागवडीचे अंतर टाकताना गणित कागदावर करून पाहा. हेक्टरी झाडे काढायला १०,००० चौरस मीटरला दोन्ही अंतरांच्या गुणाकाराने भागायचे. डाळिंब ४.५ × ३ मीटरवर ७४० झाडे, संत्रा ६ × ६ मीटरवर २७७, सीताफळ ५ × ५ मीटरवर ४००, आंबा १० × १० मीटरवर १००. म्हणजे ४० आर संत्र्याला ६ × ६ मीटरवर १११ कलमे बसतात. पूर्वसंमतीत (लागवडीआधी मिळणाऱ्या मंजुरीत) १११ आणि शेतात ९५ निघाली, तर मोजणीत ते उघडे पडते. विहीर, गोठा, पाणंद आणि बांधाची सावली वजा करूनच क्षेत्र लिहावे.

पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय कलमे विकत घेऊ नका. आधीच्या तारखेचे बिल अनुदानात धरले जात नाही. पाऊस चांगला झाला आणि रोपवाटिकेत कलमे संपत आली की घाई होते, ती इथे फार महागात पडते. खरेदी शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच करावी. राज्यात फळरोपवाटिकांना १९६९ च्या कायद्याने परवाना लागतो. पक्क्या बिलावर परवाना क्रमांक, जात, खुंट (ज्या रोपावर कलम बांधले ते) आणि नग स्पष्ट लिहून घ्या. नुसते ‘संत्रा कलमे’ असे लिहिलेले बिल चालवून घेऊ नका. खुंट जंबेरी की रंगपूर लाइम, हे पुढे बागेलाही लागणार आहे.

संत्रा-मोसंबी लावणार असाल तर आधी माती तपासा. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर पाने पिवळी पडत राहतात आणि अनुदान मिळूनही बाग उभी राहत नाही.

लागवडीचा काळ साधारण मे ते नोव्हेंबर. खड्डे उन्हाळ्यातच घ्या, संत्र्याला ७५ सेंमी लांब-रुंद-खोल, आणि दोन-तीन आठवडे तापू द्या. पोयट्याची माती, २० ते २५ किलो कुजलेले शेणखत आणि एक-दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरा, कारण पावसाने माती खाली बसते. शेणखत कच्चे असेल तर वाळवी आणि हुमणी आलीच. कलमाचा जोड जमिनीपासून किमान १५ सेंमी वर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला तर खोडाला डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) धरतो आणि झाड दुसऱ्या पावसाळ्यात जाते, म्हणजे नेमके हप्त्याच्या तोंडावर.

खड्डे खोदणे, कलमे लावणे, नांग्या भरणे (मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावणे) आणि पीक संरक्षण ही कामे अनुदानात येतात. जमीन तयार करणे, खड्डे भरणे, आंतरमशागत आणि कुंपण हे स्वखर्चाचे. हा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा, कारण अनुदान काम झाल्यावर, तपासणीनंतर येते.

पुढच्या दोन हप्त्यांसाठी जिवंत झाडांची अट ८० ते ९० टक्क्यांच्या घरात आहे. आपण ९० च धरून चालावे. १११ पैकी ११ मेली तर १०० उरतात आणि जेमतेम ९० टक्के भरतात. बारावे गेले की गणित बिघडते. म्हणून नांग्या पहिल्याच पावसाळ्यात, ऑगस्ट संपायच्या आत भरा. तपासणीच्या आधी घाईने लावलेली कलमे लगेच ओळखू येतात आणि उन्हाळ्यात टिकत नाहीत. बदली कलमे त्याच जातीची आणि त्याच खुंटाची घ्या, त्यांचेही बिल ठेवा. ओळीवार वही करून मेलेल्या झाडाची ओळ, क्रमांक आणि बदललेल्या कलमाची तारीख लिहीत गेलात, तर तपासणीला आलेल्या सहायक कृषी अधिकाऱ्याबरोबर (पूर्वीचे कृषी सहायक) शेतात उभे राहून तासाभरात मोजणी पुरी होते.