ब्रश आधी का नाष्टा आधी? या चुका तेवढ्या करू नका

परभणीत दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून मला दहा वर्षं झाली. खुर्चीत टेकल्या टेकल्या निम्मे लोक एकच विचारतेत, ब्रश नाष्ट्याच्या आधी करावा का नंतर? आणि डॉक्टर उत्तर देऊलालेत तोवर "आमच्यात तर पहिल्यापासून असंच करतेत" म्हणून मोकळे. मग विचारलं कशाला?

तर आधी करा. चहाच्या पण आधी. झोपेत लाळ लई कमी सुटते, त्यामुळं सकाळी दातांवर जो चिकट थर असतो ना, त्यातल्या जंतूंना तुमचा गोड चहा अन् टोस्ट म्हणजे आयतं जेवण, ते साखर खातेत आणि आम्ल सोडतेत. थर आधीच काढला अन् फ्लोराईडवाली (दाताचं कवच घट्ट करणारी) पेस्ट लागली की निम्मं काम झालं.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक, खाल्लं की लगेच घासणं. माझे साडू जालन्याकडचे, घरची मोसंबी. रोज सकाळी ग्लासभर रस, वर अर्धं लिंबू पिळून, आणि ग्लास ठेवला की तिथंच बेसिनपाशी कडक ब्रश घेऊन चालू, तांब्याचा बंब घासल्यासारखं, आडवं. त्यांना वाटायचं आपल्याइतकं स्वच्छ कोणीच नाही. दोनेक वर्षांनी उन्हाळ्यात आमच्याकडं आले तर माठातलं पाणी तोंडाला लावलं की डोळे मिटायचे. आमच्या डॉक्टरांनी बघितलं, हिरडीपाशी चार दातांना खाचा पडलेल्या, नख अडकेल एवढ्या. साडू उलट मलाच म्हणायलेत, "भाऊ, मी तर कधी ब्रश चुकवला नाही!" चुकवला असता तर खाचा तरी कमी पडल्या असत्या. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरचं कवच विरघळायला लागतं, वरून मऊ होतं, आणि नेमकं तेव्हाच आपण घासून ते उडवतो. हे कवच परत उगवत नाही. लाळेला वेळ दिला तर ती आम्ल मारते, कॅल्शियम परत बसवते, पण अर्धा तास कोणाला धीर आहे! पोह्यावर लिंबू पिळलं, दही खाल्लं, रस पिला तर नुसती पाण्यानं चूळ भरा आणि कामाला लागा. नाष्ट्यानंतरच घासायची सवय असली तर निदान अर्धा तास, आंबट खाल्लं असलं तर तासभर थांबा. घाई असली तर नकाच घासू.

दुसरी चूक चुळांची. पेस्ट थुंकली की दहा-दहा चुळा, खळाखळा. टँकरची वाट बघणाऱ्या गावात पण हेच. अरे बाबा, ते फ्लोराईड दातावर राहायला पाहिजे ना, तुम्ही ते मोरीत सोडायलात. थुंका आणि सोडून द्या. मला पहिले आठ दिवस तोंडात कसंतरीच व्हायचं, आता सवय झाली. पेस्ट घेताना ट्यूबवर 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास फ्लोराईड आहे का तेवढं वाचा, नुसतं लवंग-कडुलिंबाचं चित्र बघून उचलू नका.

मिसरी लावून दात साफ होत नाहीत, ती तंबाखू आहे. कोळसा, राख, विटकरीचा भुगा, नको म्हणजे नको. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पेस्ट कशाला, हरभऱ्याएवढी बास, तीन वर्षांखालच्या लेकरांना तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रश तोंडात धरून मोबाईल बघत अंगणात फिरणं म्हणजे ब्रश करणं नाही, दोन मिनिटं लक्ष देऊन करा. तारा फाकल्या की ब्रश बदला, तीनेक महिन्यांत फाकतातच.

आणि सकाळच्या आधी-नंतरवर एवढा वाद घालणारे रात्री घासतेत का? विचारलं की हसतेत. लाळ कमी असते ती रात्रीच, मग जेवणाचं तसंच दातात ठेवून झोपणं हीच सगळ्यात मोठी चूक. मी स्वतः लग्नाच्या पंगतीवरून अकराला आलो तरी घासतो, बायको कुरकुर करते लाईट चालू म्हणून.

साडूंनी खाचा भरून घेतल्या, मऊ ब्रश घेतला. रस काही सुटला नाही, पण आता आधी ब्रश आणि मग रस. जुना कडक ब्रश मोटरसायकलच्या चेनला वापरायलेत.