टीकाकारांनी झोडपलेल्या किशोरवयीन विनोदपटाचे परीक्षण कसे लिहावे

शाळकरी मुलांच्या वयात येण्यावर बेतलेल्या, थोड्या पैशांत बनवलेल्या विनोदी चित्रपटाकडे नाक मुरडून पाहणे सोपे असते. मला हा चित्रपटप्रकार मनापासून प्रिय आहे आणि त्यातल्या फसलेल्या कृतींवरही नीट वाचून-पाहून लिहिले जावे असे वाटते. उदाहरण म्हणून दिग्दर्शक बॉब क्लार्क यांचा 'पोर्कीज' घेऊ. अमेरिकेत १९८२ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झालेला हा कॅनडाच्या निर्मितीचा चित्रपट सुमारे ४० ते ५० लाख डॉलरांत बनला. बहुतेक नामवंत समीक्षकांनी तो झोडपला, तरीही अमेरिकेत त्याने १० कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. हा आकडा परीक्षणात एकदाच द्यावा, कारण तिकीटबारीवरच्या रांगेवरून चित्रपटाचा कस ठरत नाही.

पहिल्यांदा चित्रपट सलग पाहावा आणि हसू आले तेथे फक्त खूण करावी. दुसऱ्या वेळी पैशांची चणचण कोठे दिसते आणि लेखन-दिग्दर्शनाची चूक कोठे आहे, हे वेगळे काढावे. ओळखीचा चेहरा नसणे, मोजकीच चित्रीकरणस्थळे किंवा सपाट प्रकाशयोजना यांचा दोष लगेच देऊ नये. मात्र विनोदाला कमी पैशांचा खरा फटका संकलनात बसतो: वेळ अपुरा असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचे शॉट घेतलेले नसतात, सगळा प्रसंग लांबून एकाच चौकटीत दिसत राहतो आणि हशा पिकायला हवा तो क्षण हातातून निसटतो.

याच्या उलट बाजूसाठी 'पोर्कीज'मधला मुख्याध्यापकांच्या खोलीतला प्रसंग पाहावा. शिक्षिका बॅलब्रिकर संतापाने थरथरत, मुलांना रांगेत उभे करून मुलींच्या स्नानगृहात डोकावणारा गुन्हेगार ओळखू द्यावा अशी अत्यंत अवघड मागणी पूर्ण गांभीर्याने मांडत असतात, मागे बसलेल्या क्रीडाशिक्षकांना हसू आवरत नाही आणि शेवटी मुख्याध्यापकांचाही धीर सुटतो. एक खोली आणि काही माणसे, एवढ्यावर तो प्रसंग उभा राहतो. तो पुन्हा पाहताना बोलणाऱ्याकडे न पाहता केवळ गप्प बसलेल्यांकडे पाहावे. विनोदाची वेळ कशी साधली आहे, हे तेथे उलगडते.

त्यानंतर हा विनोद कोणाच्या जिवावर चालला आहे, हे तपासावे. त्याच शिक्षिकेच्या तक्रारीमागचा प्रसंग, म्हणजे मुलींच्या स्नानगृहात भोकातून डोकावणारी मुले, चित्रपटाने खोडी म्हणूनच रंगवला आहे आणि त्या मुलींना काय वाटले असेल याला तेथे जवळपास जागाच नाही. येथे 'तो काळच तसा होता' हे वाक्य लिहिण्याचा मोह टाळावा. कथा १९५४ च्या फ्लोरिडात घडते, पण तिच्याकडे अशा लाडिक नजरेने पाहण्याची निवड जवळजवळ तीन दशकांनंतरच्या मंडळींनी केली होती. आपल्याला हसू आले असेल आणि अस्वस्थही वाटले असेल, तर परीक्षणात दोन्ही लिहावे.

वयात येण्याची कथा म्हटल्यावर कोणीतरी बदलायला हवे. येथे बदलतो तो टिम: मारकुट्या बापाच्या तोंडची ज्यूद्वेषाची भाषा तो वर्गातल्या ब्रायनवर फेकतो, त्याच्याकडून मार खातो आणि पुढे त्याचा मित्र होतो. हा धागा खोड्यांच्या गर्दीत अवघडून उभा आहे, हे खरे. परंतु तो लक्षातच न घेता 'निव्वळ थिल्लर' असा शेरा मारणे अन्यायाचे ठरेल.

दिग्दर्शकाची आगेमागेची कामे थोडक्यात पाहावीत. क्लार्क यांनीच १९८३ मध्ये 'अ ख्रिसमस स्टोरी' केला, आणि पुढे अमेरिकेत तो नाताळच्या दिवसांत घरोघरी पाहिला जाऊ लागला.

मसुदा पूर्ण झाला की 'टुकार', 'बालिश', 'धमाल' अशा प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारावी आणि समासात त्याला आधार देणारा प्रसंग लिहावा. जेथे समास कोरा राहील, तेथे विशेषण खोडून चित्रपटाचा तो भाग पुन्हा लावावा.