पाहुण्यांना हाताने काही करायला देताय? या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला असा फोन येतो. "बाहेरगावचे तीस पाहुणे येणार आहेत. नुसतं भाषण आणि जेवण नको. काहीतरी हाताने करायला देऊया म्हणतोय. दोन तास आहेत." मी एकच विचारते, "जे करायला देणार आहात, ते तुम्ही स्वतः एकदा करून बघितलंय का?" बहुतेकांनी बघितलेलं नसतं. व्हिडिओ बघितलेला असतो, सामानाची यादी झालेली असते, आमंत्रणंही गेलेली असतात.

मी बरीच वर्षं असे कार्यक्रम घेते आहे. वह्या बांधणं, ठसे कोरून छापणं, मेणबत्त्या, कागदाचे दिवे. या सगळ्यात मला सलते ती एकच गोष्ट. कामाच्या दिवसभरानंतर थकलेला माणूस हौसेने येतो, दीड तास झटतो आणि अर्धवट वस्तू घेऊन परत जातो. आणि तो तसा जातो त्याला कारण आयोजकाची घाई.

वेळ स्वतःच्या हातावर मोजणं

ही चूक मीही केली आहे आणि तिची किंमत पाहुण्यांनी मोजली, म्हणून सविस्तर सांगते.

एकतीस पाहुणे होते आणि वही बांधायचा कार्यक्रम होता. मी पाच जुजांची, पुठ्ठ्याच्या कव्हरची वही ठरवली. (जुज म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या पानांचा गठ्ठा.) मला ती वही करायला चाळीस मिनिटं लागतात. नवख्यांना दुप्पट धरली, वर चहाची दहा मिनिटं, म्हणजे दीड तास. दोन तासांत सहज बसेल असं कागदावर दिसत होतं.

प्रत्यक्षात सगळा खेळ सुईपाशीच अडला. दोरा मेण लावलेला जाड होता आणि सुया बारीक नेढ्याच्या. हॉलमध्ये संध्याकाळचा पिवळा, मंद उजेड. दुसऱ्या टेबलावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं, चष्मा कपाळावर सरकवला, सुई दिव्याकडे धरली, पुन्हा चष्मा खाली घेतला. माझं लक्ष गेलं तोवर त्यांची दहा मिनिटं त्यातच गेली होती आणि शेजारचे तिसऱ्या जुजावर पोहोचले होते. मी दोरा ओवून दिला. त्या "हो, झालं आता" म्हणाल्या, पण मागे पडल्यावर माणूस संकोचतो, प्रश्न विचारायचं बंद करतो. वेळ संपली तेव्हा एकतीसपैकी नऊ जणांच्या हातात पूर्ण वही होती. बाकीच्यांना मी दोऱ्याची गुंडाळी आणि उरलेले पुठ्ठे पिशवीत घालून दिले, "घरी पूर्ण करा" म्हणाले. घरी कुणीही पूर्ण करत नाही.

हे मला नंतर वाचनातही सापडलं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली यांचं २०१२ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. लोकांना खोकी जोडायला, कागदाच्या घड्या घालून आकार करायला, ठोकळ्यांचे संच रचायला दिले. स्वतः केलेल्या वस्तूला लोक जास्त मोल देतात, हे त्यातून दिसलं आणि पुढे तेच गाजलं. पण त्याच संशोधनातला दुसरा भाग कुणी सांगत नाही. वस्तू पूर्ण झाली नाही किंवा करून मोडून टाकली, तर ती जास्तीची ओढ राहत नाही. म्हणजे पाहुण्याच्या हातून काम पूर्ण होणं हाच या कार्यक्रमाचा गाभा आहे. बाकीची सजावट त्याच्यानंतर.

आता माझी सवय अशी. ज्याने ती वस्तू आयुष्यात केलेली नाही असा एक माणूस बोलावते, शक्यतो मोठ्या वयाचा. त्याला कार्यक्रमात जेवढ्या सूचना देणार तेवढ्याच देते, हातात घड्याळ धरते आणि तोंड बंद ठेवते. त्याला लागलेल्या वेळेत आणखी निम्मा वेळ मिळवते. तो आकडा दोन तासांत बसत नसेल तर वस्तू बदलते, माणसांना घाई करत नाही.

पाच जुजांची वही मी पाहुण्यांसाठी कायमची बंद केली. आता एकाच जुजाची, तीन भोकांची वही. भोकं मी आदल्या दिवशीच टोच्याने पाडून ठेवते. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट लांबीचा कापलेला, मोठ्या नेढ्याच्या सुईत आधीच ओवलेला. शिवण अशी: आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्या भोकातून आत. आत जो लांब टाका पडतो त्याच्या दोन बाजूंना दोन टोकं येतील असं बघायचं आणि त्याच्यावर गाठ मारायची. नवख्या माणसाला हे वीस मिनिटांत जमतं. उरलेला वेळ कव्हरवर ठसे उमटवायला, नाव लिहायला आणि गप्पांना मिळतो. एक बारकावा सांगते: कागद ज्या दिशेने सहज वाकतो त्याच दिशेने दुमडायचा. उलट दिशेने दुमडला की घडी फुगते, आणि पाहुण्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

"आधीच भोकं पाडून दिली तर ते कसलं हाताने केलेलं?" असं मला विचारतात. कुठलं काम पाहुण्याने करायचं आणि कुठलं आपण आधी उरकायचं, ही निवड म्हणजेच आयोजकाची कारागिरी. कंटाळवाणं आणि चुकलं तर पुन्हा न करता येणारं काम आपलं. डोळ्यांसमोर रूप घेणारं काम त्यांचं. मात्र बाजारात मिळणारे "चिकटवा आणि न्या" छापाचे तयार संच मी वापरत नाही. त्यात पाहुण्याच्या हाताला काही उरतच नाही, आणि लोकांना ते पाच मिनिटांत कळतं.

वाळण्याचा वेळ विसरणं

मातीची वाटी दोन तासांत घडवता येते, घरी नेता येत नाही. ती काही दिवस पूर्ण सुकवावी लागते, मग भट्टीत साधारण १००० अंशांना भाजावी लागते. हवेवर वाळणाऱ्या मातीलाही एक ते तीन दिवस हवेत. पुठ्ठ्यावर गोंद लावलेलं कव्हर रात्रभर वजनाखाली राहिलं नाही तर वाकडं होतं. पाहुणे परगावचे असतील आणि सकाळी निघणार असतील, तर ओली वस्तू ठरवूच नका.

विजेचा हिशेब न करणं

एका संस्थेने मला मेणबत्त्यांच्या कार्यक्रमात मदतीला बोलावलं होतं. हॉल त्यांनी ठरवलेला, मांडणीही त्यांचीच. मी पोहोचले तेव्हा १५०० वॉटच्या चार शेगड्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावलेल्या. मी विचारलं तर उत्तर आलं, "बोर्ड चांगल्या कंपनीचा आहे." प्रश्न बोर्डाच्या कंपनीचा नव्हताच. २३० व्होल्टवर १६ अँपिअरची लाइन जास्तीत जास्त ३६८० वॉट पेलते. चार शेगड्यांचे होतात ६०००. मी दोन काढायला लावल्या, पण पाहुणे यायला लागल्यावर कुणीतरी "मेण लवकर वितळेल" म्हणून त्या पुन्हा जोडल्या. आठव्या मिनिटाला एमसीबी (लाइनवर जास्त भार आला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडला. शेगड्या, दिवे, पंखे, माइक सगळं एकाच लाइनवर होतं. अंधारात चोवीस माणसं आणि टेबलांवर गरम मेण. कुणाला भाजलं नाही, याचं श्रेय मी कुणालाही देणार नाही, कारण कुणीच त्यासाठी काही केलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी हॉल बघायला जाते ती दिवसा, आणि आधी एमसीबींचा बोर्ड उघडून बघते. कुठला सॉकेट कुठल्या एमसीबीवर आहे हे एकेक पाडून तपासते आणि कागदावर लिहून भिंतीला चिकटवते. तापणारी उपकरणं दिव्यांच्या लाइनवर कधीच नाहीत. मेण थेट आचेवर ठेवत नाही, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवते. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेण पेट घेण्याइतकं तापत नाही. आणि मेण पेटलंच तर त्यावर पाणी टाकायचं नाही, वर झाकण ठेवायचं. हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगते, मग समोर कितीही मोठा पाहुणा असो.

याच ओघात आणखी एक इशारा. दोघांच्या हातांचा साचा घ्यायची सध्या फार हौस आहे. हात थेट प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवायला देऊ नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं, जाड थरात चामडी भाजेल इतकं तापतं, आणि तोवर हात आत अडकलेला असतो. साच्यासाठी आल्जिनेट वापरतात, म्हणजे पाण्यात कालवली की रबरासारखी मऊ घट्ट होणारी पूड. हात बाहेर काढल्यावर त्या पोकळीत प्लास्टर ओततात.

पाहुण्याच्या हातातलं काम काढून घेणं

"द्या इकडे, मी करून देते." हे वाक्य मी माझ्या मदतनीसांना बंद केलं आहे. मदत करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, वेळ वाचवायचा असतो. पण ज्या क्षणी ती वस्तू तुमच्या हातात गेली, त्या क्षणी ती पाहुण्याची राहिली नाही. मग तो मागे टेकून बसतो आणि फोन काढतो. शेजारी बसा, तुमच्या हातात दुसरा नमुना घ्या, त्यावर दाखवा. ते हळू होतं. ज्याला हे हळू होणं सहन होत नाही त्याने शिकवायला येऊ नये, नोंदणीचं टेबल सांभाळावं. तेही महत्त्वाचं काम आहे.

दहा पाहुण्यांमागे एक जाणता माणूस, हे माझं प्रमाण. धारदार हत्यारं असतील तर सहामागे एक. नवे आयोजक पहिलाच कार्यक्रम पन्नास जणांचा ठरवतात आणि शिकवायला एकच जण ठेवतात. आधी बारा जणांचा करा. मग पुन्हा एकदा बारा जणांचाच करा.

बाकीच्या, थोडक्यात

तीस माणसं आणि सहा कात्र्या असं कधीही करू नका. रांग लागली की कार्यक्रम तिथेच मोडतो. डावखुऱ्यांसाठी दोन कात्र्या वेगळ्या ठेवा.

लांबच लांब टेबलं मांडू नका. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलं होतं की आपोआप जमलेल्या गप्पांचा घोळका साधारण चार जणांपर्यंतच टिकतो, त्यापुढे तो फुटतो. मी चौघांचं एक टेबल करते आणि एकाच घरचे किंवा एकाच कचेरीतले चौघे एकत्र बसू देत नाही.

संगीत लावायचं तर पाहुणे येताना आणि निघताना. मध्ये लावलं की माणसं आवाज चढवतात, त्यावर शेजारचं टेबल चढवतं, आणि सूचना कुणालाच ऐकू जात नाहीत.

शहरात सगळे वेळेवर येतील हे गृहीत धरू नका. पहिल्या वीस मिनिटांत असं काही द्या की उशिरा येणाऱ्याचं काही बुडणार नाही: कागद निवडणं, रंग ठरवणं, रद्दी कागदावर ठसा मारून बघणं. दरवाजाकडे बघत ताटकळणारे वेळेवर आलेले पाहुणे मला बघवत नाहीत.

स्पर्धा आणि बक्षीस नको. पहिला नंबर जाहीर झाला की बाकीचे आपली वस्तू टेबलावरच ठेवून जातात. मी मोजल्या आहेत.

ॲलर्जी, हाताची दुखापत, कमी दिसणं हे नोंदणीच्या वेळीच विचारा. सर्वांसमोर नाही.

हात धुवायची जागा आधी बघा. माती आणि मेण बेसिनमध्ये सोडायचं नाही. मातीचे हात आधी बादलीत धुवायचे, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतायचं. मेण पुसून टाकायचं.

आणि काम सुरू होण्याआधीच प्रत्येकाला आपल्या वस्तूच्या मागे पेन्सिलने नाव लिहायला सांगा. शेवटी लिहू म्हटलं की एकसारख्या तीस वह्यांच्या ढिगाऱ्यात कुणाची कुठली हे शोधण्यात पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात खाली गाडी येऊन थांबलेली असते.