टपाल संग्रहालयातला पहिला पावसाळा

चिमट्याशिवाय तिकीट उचलू नये, पाकिटावरील तिकीट सोडवून त्याचा टपाल कचेरीच्या ठशाशी असलेला संबंध तोडू नये, हे टपाल संग्रहालयात नव्याने रुजू होणाऱ्याला ठाऊक असतेच. मला सांगायचे आहे ते एसीविषयी, कारण कोकण किनाऱ्यावरील एका लहान संग्रहालयात ज्याच्या भरवशावर मी निर्धास्त राहिले, त्यानेच पहिल्या पावसाळ्यात माझा घात केला.

संग्रहालय दहाला उघडे, सहाला बंद होई आणि एसीही तेवढाच वेळ चाले. दुपारी आर्द्रतामापकावर पन्नास टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसे व तो मी समाधानाने वहीत उतरवीत असे. रात्रीचा आकडा पाहायला तेथे कोणीच नव्हते. यंत्र बंद झाले की खिडक्यांच्या फटींतून बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरे आणि दिवसभर गारठलेल्या लोखंडी कपाटाला लागताच, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा, तशी तेथे ओल धरे. ती ओल शोषून तिकिटांच्या पाठीचा डिंक मऊ होई आणि सकाळी यंत्र सुरू झाले की पुन्हा वाळून घट्ट बसे. हे रोज, जूनपासून. गणपतीच्या सुट्टीनंतर मी अल्बम उघडला, तेव्हा १९४७ सालच्या साडेतीन आण्यांच्या ‘जय हिंद’ तिकिटांचा कोरा ब्लॉक, म्हणजे एकमेकांना जोडलेली चार न वापरलेली तिकिटे, पानाला पक्की चिकटलेली होती. नाशिकला छापलेले, स्वतंत्र भारताचे ते पहिले तिकीट. फार दुर्मीळ नव्हे, पण आमच्याकडे कोरा असा तेवढाच ब्लॉक होता.

म्हणून पुन्हा सांगते, कारण हे कोणी मला सांगितले नव्हते: आकडा पन्नास की पंचावन्न यापेक्षा तो दिवसरात्र एकाच जागी राहणे महत्त्वाचे आहे. एसी अखंड चालवणे परवडत नसेल तर साठवणीच्या खोलीत तो मुळीच लावू नये. लहान आर्द्रताशोषक यंत्र चोवीस तास चालवावे, कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे आणि रात्रीचा उच्चांक लक्षात ठेवणारा मापक घ्यावा. सिलिका जेलच्या पुड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. वेळच्या वेळी तापवून वाळवल्या नाहीत तर त्या भरून जातात आणि आपण मात्र निश्चिंत असतो. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या तर दारातच थांबवाव्यात. त्यांतील मऊपणा आणणारे द्रव्य कालांतराने तिकिटात उतरते. पॉलिएस्टरची पिशवी महाग पडते, पण तेथे काटकसर नको.

चिकटलेले तिकीट वाफेवर धरण्याचा सल्ला मला अनुभवी संग्राहकांनीच दिला होता. संग्राहकाला आपल्या तिकिटाशी असा जुगार खेळता येतो, संग्रहालयाला येत नाही. माझे खरे गुरू एक निवृत्त पोस्टमास्तर. कॅटलॉगमधील किमती त्यांना कधी पाठ नव्हत्या, पण ठसा पाहून पत्र कोणत्या वाटेने गेले असेल ते सांगत. आम्ही नोंदवहीत तिकिटाआधी ठशाचा रकाना घालतो, तो त्यांच्यामुळे.

दर्शक बहुधा १८५२ च्या ‘सिंध डाक’ या सिंध प्रांतातल्या जुन्या तिकिटांविषयी विचारतात. ती गोल तिकिटे आमच्याकडे नाहीत, याची मला आता खंत वाटत नाही. त्यांतील लाल प्रकार इतका ठिसूळ की हाताळणीतच तडकतो, आणि त्याची जबाबदारी पेलण्याइतकी आमची खोली अजून तयार नाही. दर्शनी कपाटात आम्ही बहुतेक ठिकाणी प्रतिकृतीच लावतो व तसे खाली स्पष्ट लिहितो. मूळ वस्तू अंधारात असते म्हणून कोणी आजवर तक्रार केलेली नाही.

पहिल्या वर्षी नुकसान होतेच. ते लपवू नका, त्याच दिवशी वहीत लिहा. ‘जय हिंद’चा तो ब्लॉक अजून त्याच पानावर आहे आणि त्याच्या क्रमांकापुढे पेन्सिलीने लिहिले आहे: ‘पानास चिकटलेला. सोडवू नये.’