ग्रोथ थिअरीचा पेपर घेताय? मग एखादा प्रदेश सोबत ठेवा

एमए अर्थशास्त्राला ‘ग्रोथ थिअरी’ (देशांचं उत्पन्न कसं आणि का वाढतं याचा अभ्यास) सुरू झाली की वर्गात दोन तट पडतात. गणित चांगलं असलेली मुलं डेरिव्हेशन घोटून निर्धास्त होतात, आणि बीए मराठी माध्यमातून केलेली मुलं फळ्यावरची समीकरणं बघूनच धास्तावतात. भंडाऱ्याहून पुण्यात आलेली मी दुसऱ्या गटातली. पण एक गोष्ट दोन्हीकडे राहून जाते : समोरचा सिद्धान्त नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय, हे विचारणं. ते विचारलं की हा पेपर फार जवळचा वाटू लागतो.

गणिताची भीती आधी बाजूला ठेवूया. लॉगॅरिदम, साधं अवकलन आणि वाढीचे दर लॉगमधून काढणं एवढं पक्कं करा. बाकीचं वर्ग चालू असताना जमतं.

बचतीतून भांडवल साठत गेलं की उत्पन्न कसं वाढतं हे सांगणारं रॉबर्ट सोलो यांचं १९५६ चं मॉडेल मात्र घाईने उरकू नका. उत्पादनाचा वक्र, त्याखाली बचतीचा वक्र, आणि घसारा व लोकसंख्यावाढ मिळून होणारी सरळ रेषा ही आकृती स्वतःच्या हाताने काढा, पुस्तक मिटून. मग एक गणित सोडवा. उत्पन्नात भांडवलाचा वाटा एक तृतीयांश धरा आणि बचतीचा दर दुप्पट करा. स्थिर स्थितीत, म्हणजे नवी बचत फक्त घसारा आणि लोकसंख्यावाढ भरून काढते तिथे, दरडोई उत्पन्न किती वाढेल? जेमतेम ४१ टक्के. तेवढं वाढून झालं की वेग पुन्हा पूर्वीइतकाच. हॅरॉड-डोमर मॉडेलमध्ये मात्र तीच बचत दुप्पट झाली की वाढीचा दरच दुप्पट होतो. आपल्या सुरुवातीच्या पंचवार्षिक योजनांचा गुंतवणुकीवर एवढा भर का होता, हे ही दोन उत्तरं शेजारी ठेवल्यावर मला नीट समजलं. आणि श्रीमंत-गरीब देशांच्या दरडोई उत्पन्नातलं कित्येक पटींचं अंतर नुसत्या बचतीतून निघत नाही, हेही तिथेच दिसलं.

मग उरतं काय? सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेची १९०९ ते १९४९ ची आकडेवारी तपासली. दर श्रमतासामागे वाढलेल्या उत्पादनातला सुमारे सात-अष्टमांश भाग भांडवलाने समजावता येईना. तो त्यांनी तांत्रिक प्रगतीच्या खात्यावर टाकला. हाताने करून बघा : उत्पादन ६ टक्के, भांडवल ८ टक्के आणि श्रम २ टक्के वाढले, भांडवलाचा वाटा तोच एक तृतीयांश, तर शिल्लक बरोबर २ टक्के येते. परीक्षेत हे हमखास विचारतात. पण ही शिल्लक म्हणजे कारण नव्हे. उत्पादकता वाढली एवढंच ती सांगते, का वाढली ते सांगत नाही.

पॉल रोमर यांचा १९९० चा लेख इथून पुढे जातो. कल्पना एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि ती शोधायला पैसा व माणसं लागतात. अ‍ॅगियों आणि हॉविट यांनी १९९२ मध्ये नवं तंत्र जुन्याला हटवतं ही बाजू मांडली. पहिल्या वाचनात या दोन्हींची डेरिव्हेशन्स सोडून प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचले तरी चालेल.

माझं मन खरं रमलं ते संस्थांच्या, म्हणजे जमीन-महसुलासारख्या नियम-व्यवस्थांच्या, चर्चेत. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये दाखवलं की इंग्रजी अमलात जिथे जमीनदारांकडून सारा वसूल होई, त्या जिल्ह्यांत स्वातंत्र्यानंतरही शेतीची उत्पादकता आणि शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी मागे राहिल्या. हे वाचताना डोळ्यांसमोर आमचा विदर्भच आला. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून; नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजारी, म्हणजे तो मालगुजार नावाच्या जमीनदारामार्फत. एकाच राज्यात, शेजारी शेजारी! पण तुलना दिसते तितकी सोपी नाही. वऱ्हाडात काळी कपाशीची जमीन, आमच्याकडे धान आणि जास्त पाऊस. फरक साऱ्याच्या पद्धतीचा की मातीचा? शिवाय आमच्याकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव मालगुजारांच्याच ताब्यात होते आणि १९५० च्या कायद्यानंतर ते सरकारकडे गेले. म्हणजे मालगुजारी गेली तेव्हा पाण्याची व्यवस्थाही बदलली, आणि हा बदल एका आकड्यात पकडता येत नाही. कारण शोधणं किती अवघड असतं, हे मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा या प्रश्नाने जास्त शिकवलं.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्याच आठवड्यात एखादा प्रदेश निवडा, शक्यतो स्वतःच्या ओळखीचा, आणि प्रत्येक सिद्धान्त त्याला लावून बघा. कोकणातल्या मुलांनी कोकण घ्यावं, प्रवरा खोऱ्यातल्यांनी सहकारी साखर कारखान्याचा इतिहास घ्यावा. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ त्या उभारणीत स्वतः होता, त्यामुळे वाचायला भरपूर मिळेल.

देशांच्या तुलनेसाठी पेन वर्ल्ड टेबल्स विनामूल्य मिळतात, राज्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं वार्षिक हँडबुक, आणि जुन्या काळासाठी जिल्हा गॅझेटियर. जिल्ह्यांच्या आकड्यांत मात्र एक अडचण येतेच. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यामुळे आधीच्या वर्षांशी तुलना करायची तर दोन्ही जिल्ह्यांचे आकडे पुन्हा एकत्र करावे लागतात. लघुप्रबंधाचा विषय मार्गदर्शकांकडे नेण्याआधी आपल्या जिल्ह्यापुरतं हे जोडकाम करून बघा. आकडे जुळत नसतील तर प्रश्न बदलायला तेव्हा वेळ असतो.