कोर्टातून लोकसभेकडे: उमेदवारीचा विचार करणाऱ्या नव्या वकिलांसाठी

वकिलांनी लोकसभा लढवणे आपल्याकडे नवे नाही. बॅ. नाथ पै राजापुरातून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा निवडून गेले. १९७७ मध्ये मुंबईत राम जेठमलानींनी कायदामंत्री ह. रा. गोखले यांचा पराभव केला. तिथे जिंकणारा आणि हरणारा दोघेही कायदेपंडितच. पण कोर्टातल्या नावाची मते होतातच असे नाही. २०२४ मध्ये उज्ज्वल निकम उत्तर-मध्य मुंबईतून सुमारे साडेसोळा हजार मतांनी हरले. पुढच्या वर्षी ते राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले, पण त्या दाराची तयारी कोणाला करता येत नाही. इथे लिहिले आहे ते मते मागून आत जाण्याबद्दल.

सनद हातात आल्यावर पहिली आठ-दहा वर्षे कोणते काम घेता, यावर पुढचे बरेच ठरते. तालुका कोर्टात सगळ्यात जास्त काम असते ते बांधाचे, वाटपाचे आणि फेरफाराचे. पैसा मिळतो, पण अशा प्रत्येक दाव्यात एक भाऊ तुमचा होतो आणि दुसरा त्याच्या सोयऱ्यांसकट कायमचा विरोधात जातो. भूसंपादनाचा वाढीव मोबदला, अपघात दावे, कामगारांची देणी, जातपडताळणी ही कामे वेगळी. तिथे समोर सरकार, विमा कंपनी किंवा मालक असतो, त्यामुळे अख्खे गाव किंवा वस्ती एका बाजूला राहते. भूसंपादनात मात्र एक खड्डा आहे. मोबदल्यातून टक्केवारी घेणे बार कौन्सिलच्या नियमांना सोडून आहे, तरी अनेक ठिकाणी ते सर्रास चालते. ज्या वकिलाने टक्केवारी घेतली, त्याच्या प्रचारसभेत पारावरून पहिला प्रश्न त्याचाच येतो आणि उत्तर कोणाकडे नसते. ठरावीक फी घ्या आणि पावती द्या. ती पावती पुढे शपथपत्राच्या वेळीही उपयोगी पडेल.

पक्षात शिरताना बहुतेक वकील विधी आघाडीत जातात, लेटरहेड छापतात आणि तिथेच राहतात. पक्षाला वकील लागतो तो मतदार याद्यांसाठी. नमुना ६ नवीन नावासाठी, ७ हरकत किंवा वगळणीसाठी, ८ दुरुस्ती व स्थलांतरासाठी. यादीचा भाग घेऊन एकेका बूथवर मृत, दुबार आणि स्थलांतरित नावे तपासणारा कार्यकर्ता जिल्हाध्यक्षाला हवाच असतो, कारण ते काम कोणालाच आवडत नाही. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आणि साधारण दोन हजार मतदान केंद्रे येतात. गोव्यात दोनच जागा, प्रत्येकीत वीस विधानसभा क्षेत्रे, पण ती लहान. तिकिटाच्या बैठकीत ‘तुमचे किती बूथ आहेत’ हे विचारले जाते, किती निकाल जिंकलात हे नाही. मधली पायरी म्हणून जिल्हा परिषद किंवा नगरपालिका लढवणार असाल तर लक्षात ठेवा: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर तिथे अपात्र ठरता, लोकसभेला ही अट नाही.

आता लाभाचे पद, म्हणजे सरकारकडून आर्थिक लाभ देणारे असे पद, जे हाती असताना खासदारकीला अपात्र ठरता येते. सरकारी वकील, विशेष सरकारी वकील, रेल्वेच्या किंवा एखाद्या खात्याच्या पॅनेलवरचे वकील, यांनी संविधानाचा अनुच्छेद १०२ नीट वाचावा. न्यायालयांचे निकाल नेमणुकीच्या स्वरूपानुसार वेगवेगळे आले आहेत, म्हणून ‘आमचे पद त्यात बसत नाही’ या भरवशावर राहू नये. अपात्रता छाननीच्या तारखेला पाहिली जाते. राजीनामा त्याआधी द्यायचा आणि मंजुरीचे पत्र हातात घ्यायचे. नुसत्या पोचपावतीवर प्रतिस्पर्ध्याचा वकील तासभर बोलू शकतो.

अर्ज भरण्याच्या आठवड्यात वकीलच जास्त चुकतात, असे आमचे ठाम मत आहे. स्वतःचा अर्ज स्वतःच भरतात आणि दुसऱ्या कोणाला तपासू देत नाहीत. वय पंचवीस पूर्ण हवे आणि देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघात नाव हवे. ते दुसऱ्या मतदारसंघात असेल तर तिथल्या यादीच्या संबंधित भागाची प्रमाणित प्रत जोडा. अर्ज नमुना २अ मध्ये, सकाळी अकरा ते दुपारी तीन. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. हे दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत, आणि त्यांचा यादी भाग व अनुक्रमांक चालू यादीतून घ्या. अंगठा लावणारा सूचक असेल तर त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्यावे लागते, हे ऐनवेळी आठवते. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात, अनामत एकदाच. चारही भरा, सूचक वेगवेगळे ठेवा. पक्षाचा ए आणि बी फॉर्म (पक्षाने तुम्हाला उमेदवारी दिल्याचे कागद) शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचला पाहिजे, सही शाईची हवी. झेरॉक्स किंवा शिक्क्याची सही चालत नाही.

नमुना २६ चे शपथपत्र हा सगळ्यात जड कागद. प्रत्येक पानावर तुमची सही आणि नोटरीचा शिक्का. एकही रकाना रिकामा नको; ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. रिकामी रेघ ठेवून, अधिकाऱ्याने सांगूनही ती भरली नाही तर अर्ज बाद होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. पाच वर्षांच्या विवरणपत्रातले उत्पन्न, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, उत्पन्नाचे स्रोत हे सगळे त्यात येते. रोखीत फी घेणाऱ्याचे विवरणपत्र आणि फ्लॅट जुळत नाहीत, ते इथे उघड्यावर दिसते. सरकारी निवासस्थान कधी घेतले असेल तर ना-देय दाखला काढा. आंदोलनात दाखल झालेले जमावबंदीचे जुने गुन्हे आठवत नसतील तर पोलीस ठाण्यातून लेखी माहिती मागवा. जमावबंदी मोडल्याची, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १३५ ची किरकोळ केस लपवली असे दिसले, की ती किरकोळ राहत नाही. प्रलंबित गुन्हे असतील तर प्रचारकाळात ते वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीनदा जाहीर करावे लागतात.

अर्ज भरल्यावर शपथ घ्यायची असते आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. पुष्कळांना वाटते की शपथ निवडून आल्यावरच. ही उमेदवाराची शपथ वेगळी, ती राहिली तर अर्ज गेला.

छाननीत किरकोळ चुकीसाठी अर्ज बाद करता येत नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६(४) मध्ये आहे. ते पान खूण घालून सोबत ठेवा. हरकत आली तर उत्तरासाठी वेळ मागता येतो, तो मागा. तरीही अर्ज बाद झाला तर वकिलाचा पहिला विचार लगेच उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा असतो. अनुच्छेद ३२९(ब) मुळे तो मार्ग बंद आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून. उरते ती निवडणुकीच्या निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. तिथे मात्र अर्ज चुकीने फेटाळला हे सिद्ध झाले तर निवडणूक रद्द होते, निकालावर परिणाम झाला हे दाखवावे लागत नाही. दुसऱ्याचा अर्ज चुकीने स्वीकारला असे म्हणायचे असेल तर ते दाखवावे लागते. हे ठाऊक असलेला निर्णय अधिकारी शंका असली तर अर्ज स्वीकारण्याकडे झुकतो.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून महाराष्ट्रात ९५ लाख, गोव्यात ७५ लाख. अर्जाच्या निदान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खाते उघडायचे, सगळा खर्च त्यातूनच. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत रोखीने दहा हजारांच्या वर देता येत नाही. मांडववाला आणि जेवणवाला इथेच गोत्यात आणतात. हिशेब लिहायला ज्युनिअर वकील बसवू नका, लेखापाल बसवा. निकालापासून तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, जिंकलेल्यालाही आणि हरलेल्यालाही. ‘निवडून द्या, तुमची केस फुकट चालवतो’ असे सभेत चुकूनही बोलू नका. लाच ठरायला रोकड हातात जावीच लागते असे नाही.

मतदानाच्या दिवशी वकिलाचे शिक्षण खरे कामी येते. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून नमुना १७सी ची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय कोणी उठायचे नाही: त्यात झालेली एकूण मते आणि यंत्राचा क्रमांक असतो. मतमोजणीला टेबलावर यंत्र आले की आधी क्रमांक, मग एकूण बेरीज ताडायची, मगच आकडे लिहायचे. दोन हजार प्रती विधानसभानिहाय लावून ठेवायला चार माणसे आणि एक रात्र लागते. बहुतेकांकडे त्या गठ्ठ्यात निम्म्याच प्रती असतात.

निवडून आलात तर सनद परत करावी लागत नाही. खासदार हा पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आणि खासदारांची वकिली चालू राहिली. मंत्री झालात तर मात्र वकीलपत्रे सोडावी लागतात. अधिवेशने वर्षात तीन, कोर्टाच्या तारखा त्यांना जुमानत नाहीत. तेव्हा प्रलंबित कामांवर दुसऱ्या वकिलाचे नाव अर्ज भरण्याआधीच चढवून घ्या आणि पक्षकारांना तसे लेखी कळवा.