पंचायतीच्या नळाचं पाणी पिण्यालायक आहे का, घरच्या घरी कसं बघायचं

मृग लागला की कोकणात नळाला गढूळ पाणी येणार हे ठरलेलंच, पण खरी भानगड गढूळपणाची नाहीच, कारण चकचकीत दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात. आपल्याकडे सगळा जांभा, त्याच्या भेगांतून पावसाचं पाणी झरझर विहिरीत उतरतं, मातीतून गाळून जायला त्याला वेळच मिळत नाही आणि वाटेत शोषखड्डा असेल तर त्यातली घाणही सोबत येते.

आधी क्लोरीन बघा. पंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली (पाण्यात क्लोरीन किती आहे ते रंगाने दाखवणारं औषध) असते, ती मागून घ्या. टाकीजवळच्या नळावर टेस्ट करून काही उपयोग नाही, वाडीतल्या अगदी शेवटच्या घराचा नळ गाठा. थोडं पाणी वाहू द्या, मग ट्यूबमध्ये खुणेपर्यंत भरून किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, रंग पट्टीशी जुळवून बघायचा, लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवं. (टेस्टचं पाणी ओतून टाका, प्यायचं नाही.)

शेवटच्या नळाला रंग आला नाही तर आता टाकीवर टेस्ट करा. तिथे पिवळं आणि इथे पांढरं म्हणजे क्लोरीन वाटेतच संपतंय, मधे पाइप कुठेतरी फुटलेला असू शकतो, तो गटाराजवळ असेल तर पाणी बंद असताना तिथून घाण आत खेचली जाते. टाकीवरही पांढरंच असेल तर टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) पडलेलीच नाही, नाहीतर पावडर मेलेली आहे. पंपघरात जाऊन एकदा गोणी बघाच, तोंड उघडं, ओलीने गठ्ठे झालेले आणि नाकाला झोंबणारा वासच नाही, असली पावडर कितीही टाका, ढिम्म फरक पडत नाही.

मग जंतू. एच टू एस ची बाटली (जंतू असले तर पाणी काळं करणारी टेस्ट) मिळाली तर खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची, 24 ते 48 तासांत काळी पडली तर ते पाणी पिऊ नका. हा नुसता अंदाज झाला, पक्कं कळायला नमुना लॅबलाच द्यावा लागतो. त्यांची निर्जंतुक बाटली आतून धुवायची नाही, त्यात क्लोरीन मारायचं औषध असतं, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवा. रिपोर्टमध्ये 100 मिलीत ई. कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) एकही नसावा.

टीडीएस मीटर घेऊन फिरणारा आरओवाला दारात आला तर चहा पाजा आणि पाठवा. त्या मीटरला फक्त क्षार कळतात, जंतू नाही, आणि जांभ्यातल्या पाण्यात क्षार बहुतेक कमीच असतात (लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतात). खाडीकाठी मे महिन्यात पाणी मचूळ होतं तिथली गोष्ट वेगळी, तो खारटपणा उकळून काही जात नाही.

पंचायतीकडे बोलताना "पाणी खराब येतं" एवढंच नको, तारीख, कुठला नळ, टेस्टला काय आलं हे कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत टीसीएलचं रजिस्टर मागा, आणि गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय तेही विचारा, लाल म्हणजे पाण्याला धोका मोठा.

तोवर पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवा, झाकून गार करा, आणि हंड्यात हात घालून तांब्या बुडवू नका, ओगराळं वापरा.